गिरणारे रोडच्या ट्रेलची डागडुजी : कामाच्या नोंदी, सप्टेंबर २०२४ ते मे २०२५

आधी थोडक्यात सांगतो. ट्रेल, म्हणजे माळावरून सायकल चालवायला काढलेली मातीची वाट, १.१ किलोमीटरची आहे, नाशिक शहरातून साधारण १७-१८ किलोमीटरवर, गिरणाऱ्याच्या बाजूला एका डोंगराच्या पायथ्याशी. जमीन खाजगी, आप्पांची. खाली त्यांचा द्राक्षाचा मळा आणि टोमॅटो, वरचा माळ पडीक, तिथे आम्ही चार वर्षांपूर्वी ट्रेल काढली. त्यात ५ रोलर (मातीचे छोटे उंचवटे), ३ बर्म (वळणावरचा बाहेरून उचललेला मातीचा काठ), १ टेबलटॉप (वरून सपाट असलेली उडी), ओहोळावरचा लाकडी पूल आणि एक नैसर्गिक दगडी ड्रॉप (सायकलने उतरायची पायरी). माळाच्या वर हद्दीचे दगड आहेत आणि त्यांच्या पलीकडे वनखात्याची जमीन, तिकडे आम्ही कुदळ लावत नाही, परवानगी नाही तर काम नाही, विषय संपला.

नाशिकात सायकल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर रोडचीच सायकल येते, आणि येणारच, महाजन बंधूंनी २०१५ ला अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका), म्हणजे साधारण ४८०० किलोमीटर, पूर्ण केल्यापासून तर जास्तच. पण डांबर उखडलं की नावं ठेवायला कोणीतरी असतं. मातीची ट्रेल उखडली की नावं ठेवायला पण आपण आणि फावडं घ्यायला पण आपणच.

टीम अशी : मी (अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला), एक डॉक्टर (दातांचा, हे पुढे महत्त्वाचं आहे), बँकवाली ताई, कॉलेजची दोन पोरं, आणि मधूनमधून आप्पांचा नातू, दहावीतला. बाकी ग्रुपवर ४० जण आहेत. अंगठा दाखवणारे.

२२ सप्टेंबर, रविवार

गणपती उठले, पाऊस उघडला, पहिली पाहणी. सकाळी सातला पोचलो, गवत छातीपर्यंत, घाणेरी इतकी माजलेली की बर्म नंबर २ कुठे आहे तेच सापडेना. कोयत्याने साफ करण्यात तीन तास गेले.

अवस्था : टेबलटॉपचा लिप, म्हणजे जिथून सायकल हवेत सुटते ती कड, वाहून गेलाय, त्याच्यासमोर डबकं आणि डबक्यात बेडूक. बर्म २ ला मधोमध घळ पडलीय, हात घातला तर कोपरापर्यंत जातो. वरच्या तीव्र उतारावर ट्रेलच्या मधून नाली तयार झालीय, सगळा मुरूम खाली आणि वर नुसते गोटे. पुलाच्या दोन फळ्यांना वाळवी.

फोटो काढले, यादी केली, पोहे खाल्ले, घरी. पहिली चूक इथेच झाली, तेव्हा कळली नाही : आम्ही काय मोडलंय त्याची यादी केली. का मोडलं ते कोणी विचारलंच नाही. ऑगस्टमध्ये धो धो पडत असताना एकाने जरी छत्री घेऊन चक्कर मारली असती तर पुढचा दीड महिना वाचला असता.

२९ सप्टेंबर, रविवार

बर्म २ घेतला. मजूर मिळतील असं वाटलं होतं, पण आता गोडी छाटणीचा सीझन, गावातला प्रत्येक हात द्राक्षात किंवा टोमॅटोत. आप्पा म्हणाले, "पोरांनो, माझ्याच बागेला माणूस मिळेना, तुमच्या उड्यांना कुठून देऊ." बरोबर आहे.

माती कुठून आणायची? वरचा मुरूम खणून काढायला जीव जातो, आणि खाली शेताच्या बांधाला काळी माती छान मऊ, फावडं लोण्यासारखं घुसतं. आणली तीच. ४० घमेली. ओली करून थापली, कडा फावड्याच्या पाठीने गुळगुळीत केल्या, बर्म असा दिसायला लागला की कॉलेजच्या पोरांनी रील काढलं.

नातू बाजूला उभा राहून म्हणाला, "काका, ही माती उन्हात फाटते." मी म्हटलं, दाबलीय रे चांगली. दहावीतल्या पोराचं ऐकायचं असतं, ऐकलं नाही ही दुसरी चूक.

६ ऑक्टोबर, रविवार

टेबलटॉप. मापं : उंची ७५ सेंटीमीटर, वरचा सपाट भाग ३ मीटर, रुंदी दीड मीटर. वरचा ३० सेंटीमीटरचा थर नव्याने द्यायचा होता, त्यासाठी १ ब्रास मुरूम मागवला, पावती असलेला, २,२०० रुपये ट्रॉली. (शेतातून नाहीतर डोंगरातून परस्पर मुरूम उचलू नका, तो गौण खनिजात येतो, उगाच आप्पांसारख्या माणसाच्या मागे तहसीलचं लचांड लागतं.)

हिशोब चुकला. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, पण तो ट्रॉलीतला सुटा. धुमसल्यावर (ठोकून दाबल्यावर) तो बसतो, आमचा पाऊण भागापेक्षा थोडा जास्त उरला. लिपला कमी पडला. मग ट्रॉलीचा दुसरा घोळ, ट्रॅक्टर वर चढेना, ड्रायव्हरने माल खालीच ओतला, तिथून जंप १८० मीटर. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये भरून दोघादोघांनी वाहिला. ताईने मोजलं, १३४ खेपा. दुपारी दीडला डॉक्टर घमेल्यावर बसून म्हणाले की आजपासून मी कुठल्याही पेशंटला "जरासं दुखेल" असं म्हणणार नाही.

आतला भराव डबराचा केला असता (मोठे दगड खाली, फटीत मुरूम) तर मुरूम अर्धाच लागला असता. दगड तर माळावर फुकट पडलेत. हे सुचलं संध्याकाळी, अंघोळ करताना.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

काम नाही. आप्पांच्या ओसरीवर त्यांच्या अवजारांसोबत आमची कुदळ, पहार, फावडी, धुमस आणि एक सायकल ठेवून झेंडू वाहिला. धुमस आमच्या वर्कशॉपमधल्या स्क्रॅपचा आहे, ८ किलोची प्लेट आणि त्यावर पाइप वेल्ड केलेला. विकत घ्यायची गरज नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

परतीचा पाऊस. संध्याकाळी तासभर जोरदार. रात्री आप्पांचा फोन, "तुमचं धरण फुटलं बरं का." मला आधी वाटलं गंगापूर धरणाचं काहीतरी बोलतायत.

२० ऑक्टोबर, रविवार

पंचनामा.

टेबलटॉपचा नवा लिप गेला. आहे तिथेच, फक्त आडवा. त्याच्यासमोर पुन्हा डबकं, तेच बेडूक असणार. बर्म २ ची काळी माती आधी दोन आठवडे उन्हात तडकली होती (नातू हसला नाही, तेवढं त्याचं मोठेपण), भेगा बोट जाईल एवढ्या, त्या भेगांत पाणी शिरलं आणि अर्धा बर्म पुरणपोळीच्या सारणासारखा खाली येऊन बसला. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, कपाशीला चांगली, बर्मला नाही. २९ तारखेचा आख्खा दिवस पाण्यात. शब्दशः.

पण आज एक बरं झालं. पाणी कुठून आलं त्याच्या खुणा ताज्या होत्या, गवत एका दिशेला झोपलेलं, पाचोळ्याच्या रेघा. आम्ही खालून वर चालत गेलो. टेबलटॉपवरचं पाणी आलं बर्म २ मधून, बर्म २ मध्ये आलं तीव्र उतारावरून, आणि तिथे ते ट्रेलच्याच नालीतून ७० मीटर पळत आलेलं. म्हणजे जंप, बर्म वगैरे आपापले मोडत नव्हतेच, वरचं एकच पाणी सगळ्यांना घेऊन जात होतं, आणि आम्ही चार वर्षं दर दिवाळीच्या आधी खालची टोकं लिंपत बसलो होतो.

उतार मोजला. फोनमधलं ॲप प्रत्येक वेळी वेगळं सांगत होतं, म्हणून गवंड्याचा लेव्हल पाइप आणला, पारदर्शक नळी आणि पाणी, ९० रुपये, याच्यासारखं खरं बोलणारं यंत्र नाही. तीव्र भागात ५ मीटरला ९० सेंटीमीटर, म्हणजे १८ टक्के. त्या ठिकाणी डोंगराचा स्वतःचा उतार ३० टक्के. ट्रेलचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा असा ट्रेल बनवणाऱ्यांचा साधा नियम आहे, म्हणजे आमचा १५ च्या आत पाहिजे होता. त्याहून जास्त झाला की पाणी ट्रेल ओलांडून पलीकडे जात नाही, ट्रेललाच रस्ता समजतं.

पोरांचं म्हणणं आडवी लाकडं टाकून पाणी अडवू. आम्ही हे पहिल्या वर्षी केलं होतं. लाकडामागे गाळ भरतो, लाकूड उघडं पडतं, ओल्यात चाक घसरतं, मग लोक बाजूने जातात आणि ट्रेल दीड मीटरची तीन मीटर होते. नको.

ठरलं ते असं : तीव्र भागात आणि त्याच्या खाली मिळून चार ठिकाणी डिप. म्हणजे उतरत्या ट्रेलला मध्येच खोलगट करून पुढे थोडं चढवायचं, पाण्याला चढता येत नाही, ते दरीच्या बाजूला निघून जातं. आणि पूर्ण ट्रेलला बाहेरच्या बाजूला कल, मीटरला ५ सेंटीमीटर.

२७ ऑक्टोबर, रविवार

डिप १ आणि २ झाले. प्रत्येकी साडेचार मीटर लांब, खोलगट भाग आणि पुढचा उंचवटा यात ३० सेंटीमीटरचा फरक. खणलेलीच माती पुढच्या उंचवट्याला वापरली, बाहेरून काही आणावं लागलं नाही. पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड निदान एक मीटर रुंद ठेवा, आम्ही डिप १ ला फावड्याएवढंच ठेवलं होतं, बादलीने पाणी ओतून बघितलं तर पाचोळ्याने लगेच बुजलं. पुन्हा खणलं. अर्धा तास.

बर्म २ ची काळी माती सगळी काढली आणि आप्पांच्या शेतात परत नेऊन टाकली, ४० घमेली उलट्या दिशेने, आणि यावेळी चढ नव्हता एवढाच काय तो आनंद. आता दुसऱ्या ट्रॉलीचा मुरूम आणि माळावरची लाल माती, दोनास एक.

ओलावा किती हवा ते आप्पांच्या सौभाग्यवतींनी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, येता येता सांगून टाकलं. त्या चहा घेऊन आलेल्या, आमची माती बघून म्हणाल्या, "पाक जास्त झालाय." तेच सूत्र : मूठभर माती दाबायची, लाडू वळला गेला पाहिजे, हाताला चिखल लागता कामा नये, आणि लाडू फोडला की दोन तुकडे व्हावेत, भुगा नको. भुगा झाला तर कोरडी, बोटांना चिकटली तर ओली. आदल्या संध्याकाळी नातवाने ठिबकची नळी सोडून ढीग भिजवून ठेवायचा, सकाळी माती बरोबर लाडवाची होते.

थर १० सेंटीमीटरचाच द्यायचा. आम्ही आधी ३०-३० सेंटीमीटर टाकून वरून दणादण धुमस मारत होतो, वरचं कडक होतं, आतलं भुसभुशीतच राहतं, पाय दिल्यावर कळत नाही, पाऊस आल्यावर कळतं.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. कोणी आलं नाही. मी पण नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

डिप ३ आणि ४. टेबलटॉपसमोरच्या डबक्यासाठी माझी आयडिया : टेकऑफच्या (उडीच्या चढाच्या) खालून ९० मिलिमीटरचा जुना पीव्हीसी पाइप टाकून पाणी आरपार काढायचं. इंजिनियर माणसाला पाइप दिसला की राहवत नाही. टाकला. दोन तास.

दुपारी पूल. वाळवीच्या फळ्या काढल्या, नवीन बाभळीच्या टाकल्या, ३,१०० रुपये. वाळवी पुन्हा लागू नये म्हणून एका गॅरेजमधून गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळालं, ते ब्रशने दोन हात मारलं. काळाभोर झाला पूल, मस्त दिसत होता. घसरू नये म्हणून वरून कोंबडीची जाळी ठोकली, ३८० रुपये.

१७ नोव्हेंबर, रविवार

हा दिवस लिहायला नको वाटतंय पण लिहितो.

सकाळी दव होतं. पोरांपैकी एक पुलावरून गेला, चाक असं निघालं जसं साबणावरून, तो ओहोळात, हात टेकून पडला. दीड मीटर खाली. जाळी एका ठिकाणी आधीच फाटून तार वर आली होती, तिने टायर पण कापला. डॉक्टरांनी मनगट बघितलं, आम्ही विचारलं मोडलंय का, ते म्हणाले मला दाढ दाखवा मग सांगतो, पण गाडीत बसवून एक्स-रेला त्यांनीच नेलं. हेअरलाइन फ्रॅक्चर, चार आठवडे प्लास्टर. त्याच्या आईचा फोन मला आला. त्याबद्दल लिहीत नाही.

ऑइल लाकडात मुरतच नाही पूर्ण, दवात किंवा पावसात पृष्ठभागावर येतं. एवढंच नाही, त्याचा काळा ओघळ ओहोळात उतरला होता आणि ओहोळ जातो आप्पांच्या विहिरीकडे. आप्पा आले, बघितलं, आवाज न चढवता म्हणाले, "हे पाणी बागेला जातं. माझी जनावरं पितात." एवढंच बोलून गेले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चहा विचारला नाही.

दिवसभर तेच काम : फळ्या काढल्या, ओहोळातली ऑइल लागलेली माती आणि पाला पाच गोण्यांत भरून गाडीत घालून वर आणला, गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या ड्रमसोबत द्यायला. ३,१०० च्या फळ्या वाया. संध्याकाळी आप्पांकडे जाऊन माफी मागितली. ते छाटणीचा हिशोब करत होते. म्हणाले, "बसा."

२४ नोव्हेंबर, रविवार

पूल, दुसऱ्यांदा. नवीन लाकूड विकत घेतलं नाही. आप्पांनीच सांगितलं की जुन्या कांदाचाळीचं सागवान पडलंय, १५ वर्षं उन्हापावसात राहिलंय आणि वाळवीने तोंड लावलेलं नाही, घेऊन जा. (पैसे घेतले नाहीत. ताईने काकूंना साडी दिली, ती त्यांनी दोनदा परत करून तिसऱ्यांदा घेतली.)

बदल काय केले : पुलाचे पाय आधी मातीत गाडलेले होते, वाळवी तिथूनच वर यायची. आता पाय सपाट दगडावर, जमिनीपासून लाकूड सुटं. फळ्यांमध्ये बोटभर फट, पाणी आणि चिखल खाली पडायला. कोंबडीच्या जाळीऐवजी वर्कशॉपमध्ये गार्डला वापरतात ती जाड एक्सपांडेड जाळी, १,४५० रुपये, खिळ्यांनी नाही तर स्क्रू आणि वायसरने, कडा खाली वाकवून. रबरी तळव्याने ओल्यात घासून बघितली, पकडते. वर कुठलंही ऑइल नाही, रंग नाही.

उंची दीड मीटरची होती ती पण कमी केली, पूल थोडा वरच्या अंगाला सरकवला जिथे ओहोळ उथळ आहे. आता पडलं तर ६० सेंटीमीटर. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१ डिसेंबर, रविवार

तीव्र उताराला सोलिंग. डिप टाकले तरी १८ टक्क्यांवर ब्रेक मारून मारून मुरूम राहणारच नाही, म्हणून सर्वात वाईट ९ मीटरला दगड बसवले. पद्धत : खालच्या टोकापासून सुरुवात, सगळ्यात मोठा दगड सगळ्यात खाली, त्याला टेकून पुढचा. दगड पाट ठेवल्यासारखा आडवा टाकायचा नाही, उभा गाडायचा, दोन भाग जमिनीत एक भाग वर. आडवा टाकलेला दगड चाकाखाली डुगडुगतो आणि पावसाळ्यात निघतो. फटीत बारीक दगडाच्या चिपा ठोकून मग मुरूम.

एका दिवसात ९ मीटर होईल वाटलं होतं, झालं साडेतीन. आपला काळा दगड जड आहे हो.

चौथ्या की पाचव्या दगडाखाली फुरसं निघालं. वीतभरच असेल, पण अंग घासून जो आवाज केला त्याने सगळे दहा फूट मागे. कोणी मारलं नाही, वाट दिली, गेलं. तेव्हापासून नियम : हात घालून दगड उचलायचा नाही, पहारीने, आणि पलीकडची कड आधी उघडेल असा आपल्याकडे ओढायचा, म्हणजे जे काही असेल त्याच्या आणि आपल्या मध्ये दगड राहतो. जाड हातमोजे ६ जोड्या आणले, ४२० रुपये. पहिल्या दिवशी आणायचे होते, बरोबर.

अंधार पडायच्या आत खाली उतरतो, या पट्ट्यात बिबट्या असतो, गावात सगळ्यांनाच माहिती आहे.

८ आणि १५ डिसेंबर

दोन्ही रविवार सोलिंगमध्येच. पूर्ण. पाठीबद्दल बोलायचं नाही.

मधल्या आठवड्यात कोणीतरी मोटरसायकल घालून बर्म ३ चा माथा फोडला. दोन दगड ठेवून फाटक केलं तर ते दगडच उचलून ठेवले बाजूला. मग नातवाला विचारलं, त्याला अर्थातच माहिती होतं कोण ते. गावातलीच दोन पोरं, डेअरीला दूध घालायला शॉर्टकट. त्यांच्याशी बोललो, त्यांची मागणी रास्त होती, जुनी पायवाट आम्हीच बर्म बांधून अडवली होती. शेजारून त्यांना मीटरभराची वाट साफ करून दिली, दीड तासाचं काम. त्यानंतर एकदाही टायरचा माग दिसला नाही. फाटकावर घालवलेले चार तास मात्र गेले.

२२ डिसेंबर, रविवार

टेस्ट राइड. आणि नवीन प्रॉब्लेम.

डिप ४ आम्ही टेबलटॉपच्या टेकऑफपासून ६ मीटरवर काढलाय. पाण्यासाठी जागा एकदम बरोबर. सायकलसाठी एकदम चूक. डिपच्या चढाला स्पीड मरतो, आणि जंपवर पोचेपर्यंत सायकल लँडिंगपर्यंत जाईल एवढा जोर राहत नाही. सहापैकी पाच जण मागचं चाक टेबलच्या कडेवर आपटून उतरले, माझा रिम वाकला. फक्त नातू गेला पलीकडे, गिअर नसलेल्या जुन्या सायकलवर, डिपच्या उंचवट्यावर सायकल दाबून त्यातूनच स्पीड काढून. तो म्हणे, "काका, इथे पॅडल नाय मारायचं." बरोबर असेल, पण ट्रेल त्याच्यासाठी एकट्यासाठी नाही.

डिप ४ बुजवला, १५ मीटर वर नवीन काढला आणि सहा मीटर लांब केला, उथळ, जेणेकरून स्पीड राहतो. मध्ये जे थोडं पाणी जमेल त्यासाठी टेकऑफसमोरची जमीन एका बाजूला कलती केली. आणि माझा पीव्हीसी पाइप बघितला : सावरीच्या पाचोळ्याने आणि उंदराच्या बिळाने गच्च. काढला. त्या जागेतून लिप खचत होता म्हणून पुन्हा धुमसावा लागला. ग्रुपवर पाइपचा फोटो अजून डीपी आहे.

खर्च, २९ डिसेंबरला मांडलेला

मुरूम २ ट्रॉली ४,४००. लाकूड ३,१०० (सगळं वाया). एक्सपांडेड जाळी १,४५०. कोंबडीची जाळी ३८० (वाया). दोन फावडी आणि दांडे १,१५०. स्क्रू, वायसर, बोल्ट ६४०. हातमोजे ४२०. लेव्हल पाइप ९०. एकूण ११,६३०, त्यातले ३,४८० सरळ ओहोळात. एक्स-रे, प्लास्टर आणि मिसळीचा खर्च यात नाही, पहिले दोन डॉक्टरांनी केले आणि मिसळीचा हिशोब कोणीच ठेवत नाही.

वेळ : बारा दिवस, दिवसाला सरासरी पाच तास आणि पाच माणसं. यातला तिसरा हिस्सा केलेलं उकरण्यात गेला.

२५ मे २०२५, रविवार

मध्ये पाच महिने नोंद नाही कारण काम नव्हतं, फक्त फेब्रुवारीत वणव्याच्या भीतीने ट्रेलच्या दोन्ही बाजूंचं गवत कापलं.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. आप्पा वैतागलेत, खरड छाटणी होऊन कोवळी फूट आली आणि वर हे. आज भर पावसात छत्र्या घेऊन गेलो, मी, ताई आणि नातू (दहावी पास, ७१ टक्के). सायकली नाहीत, ओल्यात ट्रेलवर चाक घालत नाही. फक्त चालत, वरून खाली, पाण्याच्या मागे मागे.

डिप १ : पाणी येतं, वळतं, जातं. आम्ही तिघं दहा मिनिटं नुसते बघत उभे होतो. डिप २ तसाच. सोलिंगवरून पाणी जातंय पण एकही दगड हललेला नाही, मी प्रत्येकावर उडी मारून बघितली. बर्म २ चांगला, आतल्या कडेला तळाशी थोडं साचतंय, तिथे निचऱ्याला तोंड काढायचं राहिलंय. पूल ठीक. टेबलटॉपसमोर डबकं नाही.

डिप ३ गाळाने भरलाय. वरच्या माळावरून आप्पांच्या शेळ्या जिथून उतरतात तिथली माती सगळी त्यातच येते, पाणी आता डिप ओलांडून पुढे जायला लागलंय, अजून बोटभरच, पण जुलैत तेच हातभर होईल. तोंड दोन मीटर रुंद करावं लागेल, आणि शेळ्यांच्या वाटेवर दोन मोठे दगड.

पुढचा रविवार, १ जून, सकाळी साडेसहा. पाऊस असला तरी. फावडी दोन आप्पांकडे आहेत, तिसरं डॉक्टरांच्या डिकीत, त्यांनी ते आणायचं आहे.